शाल, श्रीफळ आणि दोन पानं

आमच्या बीड जिल्ह्यात मोठ्या माणसाला स्वतःविषयी लिहायची वेळ येत नाही. ते खातं फ्लेक्सवाल्याकडे असतं. वाढदिवस आला की चौकात ‘कार्यसम्राट’ लागतो, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज चेहरे, आणि वर्षभराचं काम भागतं. पंचाईत होते ती ज्यांचा फ्लेक्स लागत नाही अशा मोठ्या माणसांची. माझे साडूभाऊ त्यातले. एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून चिकटले आणि जनरल मॅनेजर झाले. आता पंचावन्नाव्या वर्षी त्यांना दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कारखान्यात कार्यकारी संचालकपदासाठी अर्ज करायचा होता. मी अंबाजोगाईत जन्मभर मराठी शिकवलेलं, तेव्हा बायोडाटा लिहायला मीच.

त्यांनी आणलेला मसुदा अकरा पानी होता. पहिल्या पानावर दहावीचे मार्क. पुढे सत्कारांची यादी. कुणाच्या हस्ते झाला, शाल होती की नुसतंच श्रीफळ, हेसुद्धा. कारखाना सहाव्या पानावर सुरू व्हायचा.

लांबीचं आम्हा अंबाजोगाईकरांना वावडं नाही. आमच्या दासोपंतांनी पंचीकरण लिहिलं ते पासोडीवर, 40 फूट लांब कापडावर. पण दासोपंतांना एचआरकडे जायचं नव्हतं.

माझा पुतण्या पुण्यात एचआरमध्येच आहे. तो फोनवर म्हणाला, “काका, दोन पानं. वर चार ओळींत सारांश. शेवटची पंधरा वर्षं नीट, त्याआधीचं उरकायचं. दहावी, जन्मतारीख, वडिलांचं नाव, फोटो सगळं बाद. चौकटी, तक्ते नकोत, आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि ते चौकटीत अडकतं. प्रत्येक ओळीत काय केलं ते आणि आकडा. आणि त्यांना जे हवंय ते आधी.”

हे शेवटचं लिओनार्दो दा विंचीला 1482 च्या सुमारासच उमगलं होतं. मिलानच्या लुडोव्हिको स्फोर्झाकडे त्याने नोकरीसाठी पत्राचा मसुदा केला, त्यात हलके पूल, तोफा, भुयारं, झाकलेले रथ अशी सगळी लढाईची कामं. आपण चित्रंही काढतो, हे पार शेवटी. मी हे साडूभाऊंना सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हणजे त्यानं सत्कार टाकलेच नाहीत?”

खरं अडलं ते ‘मी’वर. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘मा. चेअरमनसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली’ सुरू व्हायचं. उतारा वाढला तो चेअरमनसाहेबांमुळे. गाळप घटलं ते पावसामुळे.

“मग तुम्ही काय केलं?”

“आपण काय, आपलं ड्यूटीवर होतो.”

सहकारात इतकी वर्षं टिकलेला माणूस ‘मी केलं’ असं उगाच लिहीत नाही. तरी खोदत राहिलो तेव्हा एक गोष्ट निघाली. 2015 साली परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं, त्याच दुष्काळातली. उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. रस आटवताना त्याची वाफ होते; ती थंड करून साडूभाऊंनी तेच पाणी कारखान्यात फिरवलं. त्यात साखर शिरली की बॉयलरची वाट लागते. म्हणून रात्री-बेरात्री स्वतः टाकीशी उभं राहून परीक्षानळीत पाणी घ्यायचं, अल्फा नॅफ्थॉलचे थेंब टाकायचे, मग कडेकडेने अॅसिड सोडायचं. जांभळी कडी उठली की ते पाणी बॉयलरला द्यायचं नाही. हे सांगताना त्यांचा चहा निवून गेला. अकरा पानांत याचं अक्षर नव्हतं. मी लिहिलं, ‘बाहेरच्या पाण्याचा वापर निम्म्यावर आणला.’ त्यांनी पुढे बारीक अक्षरात ‘सर्वांच्या सहकार्याने’ घातलं. मी खोडलं.

1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात. ‘शेतकऱ्यांची देणी 14 दिवसांत’ असं लिहायला घेतलं, तर साडूभाऊंनी माझा हातच धरला. “कोणत्या सालचं लिहायलाव?” ती ओळ राहूनच गेली.

तेवढ्यात त्यांना शोधत केजकडचा एक ऊसतोड मुकादम आला. काय चाललंय ते ऐकून म्हणाला, “गुरुजी, आमचं सोपं हाय. औंदा वीस कोयते घातले, उचल घेऊन एक बी पळाला न्हाई.” कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दसऱ्याच्या आगेमागे माणसं जमवायची, उचल वाटायची, ट्रॅक्टर ठरवायचे आणि सगळ्यांना सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातल्या फडात उतरवायचं. कंपनीत याला तीन खाती लागतात. पुतण्याचा फोन चालूच होता. तो ओरडला, “काका, असंच लिहा!” उचल न फिटलेल्या जोडीचं पुढे काय होतं, ते मात्र मुकादम सांगत नाही. ते त्याच्या ओळीत बसत नाही.

टायपिंगला डीटीपीवाल्याकडे गेलो. त्याच्या कॉम्प्युटरवर बायोडाट्याची एकच फाईल, लग्नाची. वर ‘॥ श्री गणेश प्रसन्न ॥’, भोवती गुलाबाची वेल, मध्ये ‘मामांचे नाव व गाव’, शेवटी ‘अपेक्षा: अनुरूप’. एकेक काढायला लावलं. गणपती गेला तेव्हा साडूभाऊ हळहळले. मामांचं म्हणाले, “राहू द्या की, जागा आहे.” मी ऐकलं नाही. नेटकी दोन पानं झाली.

मुलाखतीला समोर पाच संचालक. दोन पानं प्रत्येकाच्या पुढ्यात, पालथी. ज्येष्ठ होते त्यांनी चष्मा पुसत विचारलं, “पाव्हणं, मामा कुठले तुमचे?”

“गेवराईकडचे.” साडूभाऊंनी आडनावही सांगितलं.

कडेचे एक संचालक खुर्चीतून अर्धे उठले. “अहो, मग हे बायोडाट्यात टाकायचं की!”