बैल काढून घेतल्यावर

मोटारीचा मालक होण्यास नोंदणी, विमा आणि हप्त्यांचे दस्तऐवज लागतात. मोटार चालते कशी हे ठाऊक असण्याची अट मात्र सरकारने घातलेली नाही, आणि हे एका परीने रयतेवर उपकारच झाले, कारण तशी अट असती तर सांगली-पेठ रस्त्यावर आष्ट्याच्या हद्दीत उसाच्या ट्रॉल्यांखेरीज दुसरे वाहन दृष्टीस पडते ना. आमच्या गावात ज्यांच्या दारात चारचाकी उभी आहे अशा अनेक प्रतिष्ठित गृहस्थांना मी वेळोवेळी अत्यंत प्राथमिक प्रश्न विचारले आहेत. इंजिन धडधडत असता गाडी जागच्या जागी उभी कशी राहते? गिअर मुळात हवेतच कशाला? वळणावर डाव्या आणि उजव्या चाकांचे आपसांत काय ठरलेले असते? पहिल्या प्रश्नाला ‘क्लच’ असे एका शब्दाचे उत्तर मिळते, दुसऱ्याला स्मितहास्य, आणि तिसऱ्याच्या वेळी गृहस्थांना एकाएकी कुणाच्या तरी बाराव्याला जायचे असते.

उत्तरे अखेर मिळाली ती रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, ट्रॅक्टरखाली उताण्या निजलेल्या मिस्त्रींकडून. आणि त्यांच्या पायांशी बोलता बोलता माझे असे ठाम मत झाले, की मोटार म्हणजे गाडीचा बैल काढून घेतल्यामुळे ज्या अडचणी उत्पन्न झाल्या त्यांच्या बंदोबस्ताचा एकंदर तपशील होय.

बैलाचा पहिला गुण असा, की तो उभ्या जागेवरून सर्वांत जोराने ओढतो. चिखलात रुतलेली गाडी काढताना तो मान खाली घालून जे बळ लावतो, ते सडकेवर रमतगमत जाताना लावीत नाही. इंजिनाचा स्वभाव नेमका उलटा. ते फिरत असेल तरच त्याच्या अंगात बळ, आणि ठराविक वेगाखाली त्यावर भार टाकला की ते आचके देऊन बंद पडते. म्हणून उभ्या गाडीशी त्याची गाठ एकदम न घालता घसरत घसरत घालून देणारा क्लच आला, आणि वेग सोडून त्या बदल्यात ओढ घेण्याचा जो रोखठोक व्यवहार, त्यासाठी गिअर आले. त्यातही 1876 साली जर्मनीत ऑटोने सिद्ध केलेल्या इंजिनात दट्ट्याच्या चार धावांपैकी काम एकाच धावेत होते. उरलेल्या तीन इंधन आत घेणे, ते दाबणे आणि धूर बाहेर टाकणे यांत खर्ची पडतात. इतके असूनही स्वारी आपण होऊन सुरू व्हायची नाही. 1912 सालच्या कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर बसेपर्यंत मोटारवाल्यांना पुढे वाकून हँडल मारावे लागे, आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडे. बैलाला शेपटी पिरगाळली की पुरत असे.

दुसरा गुण वळण्याचा. दोन चाकांची बैलगाडी बैल वळेल तिकडे वळते. चाके आसावर आपापली मोकळी फिरत असल्याने आतल्या चाकाने कमी आणि बाहेरच्याने जास्त अंतर तोडले तरी एकमेकांविरुद्ध त्यांची फिर्याद नसते. चार चाके आली आणि हा सलोखा संपला. कार्ल बेंझ यांची 1886 सालची मोटार तीनचाकी होती, ती काटकसर म्हणून नव्हे. पुढची दोन चाके नीट वळवावीत कशी, याचा त्यांना समाधानकारक उलगडा झालेला नव्हता. वास्तविक आतले चाक बाहेरच्यापेक्षा अधिक तिरपे वळावे, ही युक्ती म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या गाडी बनविणाऱ्याने घोडागाडीसाठी पूर्वीच काढलेली होती. तिचे पेटंट 1818 साली लंडनमध्ये त्याच्या वतीने अकरमान नावाच्या मुखत्याराने घेतले, आणि आजतागायत जगभर नाव चालते ते अकरमानचे. कूळ आणि मालक यांचे दावे पाहिलेल्या आमच्या वाळवे तालुक्यास याचे नवल वाटू नये.

मागच्या चाकांची कथा याहून नाजूक, कारण गाडी ओढली जात नाही, ती चाकेच तिला ढकलतात. मिस्त्री म्हणाले, “गुरुजी, वळणाला आतलं चाक दमानं फिरतंय, भाइरचं पळतंय. दोघांस्नी एकाच दांड्यावर जखडलं तर टायर घासून जात्याल का न्हाई?” म्हणून दांडा मधोमध तोडून तेथे दातेरी चाकांचा डिफरन्शियल बसवितात, जो पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने 1827 च्या सुमारास, म्हणजे मोटारीच्या कितीतरी आधी, योजिला होता. पण या न्यायी यंत्रात एक खोड आहे: एक चाक चिखलात आणि दुसरे कोरड्यावर असेल, तर चिखलातले बिनकामाचे चाक गरागरा फिरते व कोरड्यावरचे स्वस्थ उभे राहते. आमच्या काळ्या जमिनीत पाऊस होऊन गेल्यावर ऊस भरलेली ट्रॉली बाहेर काढताना ट्रॅक्टरवाला पायाने एक पेडल दाबून हा न्याय तात्पुरता तहकूब करतो आणि दोन्ही चाकांना एकत्र जुंपतो.

हे सारे विलायतेतच उकलले गेले असे कोणी समजू नये. आमच्यापासून दूर नसलेल्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी 1949 साली ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला नमुना सिद्ध केला. कालांतराने, इंजिन मागच्या बाजूस असलेली ही गाडी सुमारे 12,000 रुपयांत देण्याचा त्यांचा मानस होता, परंतु ती विक्रीस कधी आलीच नाही. आणि 2021 साली यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, देवराष्ट्र्यात, दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून जी चारचाकी जुळविली, ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होत असे. खर्च सुमारे 60,000 रुपये. ती पाहून आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि 2022 च्या जानेवारीत ती दिलीही. सौदा बरोबरीचा झाला असे मी मानीत नाही. बोलेरो पैसे टाकून कोणालाही मिळते.

वाचकांपैकी कोणास असले प्रश्न पडत असतील तर त्यांनी खुशाल आष्ट्यास यावे, मिस्त्रींना चहा पाजावा आणि निःसंकोच विचारावे. फक्त उसाचा हंगाम टाळावा; त्या दिवसांत शेडबाहेर ट्रॅक्टरांची रांग असते आणि मिस्त्री कोणाशीही बोलत नाहीत.