फुकटचा वकील

फ्लॅट घ्यायचं ठरल्यावर आमच्या घरात तीन महिने टाइल्सवर खल झाला. ओट्याचा ग्रॅनाइट काळा की हिरवा, यावरून हिचा नि माझा दोनदा अबोला झाला. वकिलाचा प्रश्न मात्र दीड मिनिटात मिटला. बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी गोड हसून म्हणाली, ‘‘सर, आमचेच वकील आहेत ना! तुम्ही फक्त सही करायची.’’ आणि तेही फुकट. मेथीच्या जुडीवर कोथिंबीर मागून घेणारी माणसं आम्ही. इथे न मागता अख्खा वकील वर मिळत होता.

रेरा कायद्याप्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर रक्कम घेता येत नाही, म्हणून बिल्डरनं नेमके १० टक्केच घेतले. इतका कायदा पाळणाऱ्या माणसावर संशय कसा घ्यायचा? पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के. ६० लाखांच्या घराला ४ लाख २० हजार, शिवाय नोंदणीचे ३० हजार. घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट मिळते, हे मात्र आम्ही वकिलाशिवाय शोधून काढलं.

आमचे मेहुणे आले आणि त्यांनी विचारलं, ‘‘दाजी, ज्याची फी बिल्डर भरतो, तो वकील कोणाचा?’’

‘‘अहो, बँकेच्या वकिलानंही कागद बघितलेत.’’

‘‘तो बँकेचा. फी तुमच्याकडून घेतली, रिपोर्ट तुम्हाला दाखवला का?’’

महारेराच्या संकेतस्थळावर मालकीहक्काचा दाखला होता. त्याखाली सही होती त्याच गोड मुलीच्या वकिलाची. शेवटी मेहुणे मला दुय्यम निबंधक कार्यालयासमोरच्या गल्लीत घेऊन गेले. झेरॉक्सवाला आणि रसवंतीगृह यांच्या मधल्या बोळात एक वकीलसाहेब बसतात. एसी नाही, कॉफी नाही. फायलींवर पाल होती. तीही बरीच जुनी असावी.

‘‘गट नंबर?’’ मी सांगितला. साहेबांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. ‘‘ओढ्याकडची जमीन. भावांनी दिली बिल्डरला. बहिणी तीन. दोघींचं हक्कसोडपत्र झालंय. धाकटी बार्शीला दिली, तिची सही कुठाय?’’

३० वर्षांचा सर्च घेऊन जे सापडलं नव्हतं, ते या माणसाला लग्नाच्या पंगतीत कळलेलं होतं. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात धाकटीचं नाव होतंच. तिथवर कोणी वाचलं नव्हतं. २००५ साली वारसा कायदा बदलला, वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानंच भावाच्या बरोबरीची झाली. बिल्डरच्या वकिलाला हे ठाऊक नसेल असं नाही. त्यानं तर रीतसर जाहीर नोटीसही दिली होती: चौदा दिवसांत हरकत न आल्यास हक्क सोडून दिला आहे असे समजण्यात येईल. पुण्यातल्या पेपरात, श्रद्धांजली आणि बोअरवेलच्या जाहिरातींच्या मध्ये, मुंगीएवढ्या अक्षरात. बार्शीच्या बाईंनी तो पेपर घेतला नाही, ही त्यांची चूक.

‘‘फी पंधरा हजार,’’ साहेब म्हणाले.

‘‘काही कमी?’’ जित्याची खोड, दुसरं काय.

‘‘करू की. धाकटीलाही विचारून बघा, हिस्सा कमी करते का.’’

घरी येऊन चहा घेता घेता मी सगळं हिला सांगितलं. मेहुणे तक्क्याला टेकून विजयी मुद्रेनं बसले होते. ‘‘तरी मी म्हणत होतो! सही घेणाऱ्याचा वकील वेगळा, देणाऱ्याचा वेगळा. एवढं साधं कळत नाही लोकांना.’’

हिनं कप खाली ठेवला. ‘‘दादा, गेल्या भाऊबीजेला गावच्या जमिनीवर माझी सही घेतलीस ना, तेव्हा ते काळ्या कोटातले गृहस्थ आले होते. ते कोणाचे वकील रे?’’

मेहुण्यांनी बशीतला उरलेला चहा सावकाश संपवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘दाजी, ग्रॅनाइट हिरवाच घ्या.’’