माजी अध्यक्षपद

२७ जानेवारी २०१४ रोजी अंतराळातलं एक बिल भरायचं राहिलं. ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळात बी-आर-५-आर-बी नावाची एक सूर्यमाला आहे. ती ज्यांच्या ताब्यात होती, त्यांनी तिच्या मालकीचा हप्ता ऑटो-पेवर टाकला होता. निदान त्यांचं म्हणणं तसं. पैसे काही कापले गेले नाहीत. मालकी गळून पडली, शत्रूच्या ते लक्षात आलं, आणि पुढचे २१ तास साडेसात हजार खेळाडू एकमेकांवर तुटून पडले. ७५ टायटन राख झाले. टायटन म्हणजे त्या खेळातली सगळ्यात अजस्र जहाजं. खऱ्या पैशांत हिशेब मांडला तेव्हा नुकसान ३ लाख डॉलरच्या घरात गेलं. एवढी गर्दी सर्व्हरला झेपेना, म्हणून खेळातला काळच दहापट मंद केला होता. तोफ डागायची, उठून चहा टाकायचा, तो पिऊन झाला की गोळा सुटताना बघायचा.

अशा खेळांत खेळाडूंच्या गटांना किती सत्ता द्यावी, यावर लोक तावातावाने भांडतात. एका बाजूला वाटतं, सत्ता दिली की चार टगे मिळून नवख्यांचं जगणं नकोसं करतील. दुसरी बाजू म्हणते, सत्ताच नसेल तर गट काढायचा कशाला, एकत्र बसून राक्षस मारायला? दोघांच्याही डोळ्यांपुढे सिंहासन असतं. ईव्हमध्ये सिंहासनाच्या जागी एक्सेल शीट असते. या खेळाला ‘अंतराळातली स्प्रेडशीट’ म्हणून हिणवतात, आणि खेळाडूंना त्याचं वाईट वाटत नाही. २०२२ मध्ये खेळाला एक्सेल अधिकृतपणे जोडणार अशी घोषणा मेळाव्यात झाली, तेव्हा सभागृहाने जल्लोष केला.

या जगाच्या मधल्या, सुरक्षित भागात कॉनकॉर्ड नावाचे पोलीस आहेत. ते तुम्हाला वाचवत नाहीत. तुम्हाला मारणाऱ्याला नंतर येऊन मारतात. बाहेरच्या मुलखात तेही नाहीत. तिथे गटच सरकार. सीमा ते आखतात, कर ते घेतात, आपल्या सूर्यमाला दुबळ्या गटांना भाड्याने देतात आणि अनोळखी जहाज दिसलं की आधी गोळी घालून मग चौकशी करतात. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात ज्याच्या हाती हे सगळं येतं त्याचं आयुष्य हाउसिंग सोसायटीच्या सचिवासारखं होतं: इंधन कुणी भरलं, कुणाचा हिशेब जुळत नाही, कोण कुणाशी बोलत नाही, आणि मोक्याच्या तळावरचा हल्ला नेमका रात्री तीनला होणार असल्याने कोणकोण गजर लावून उठणार. त्यातून सचिवाला निदान लिफ्टचं काम लागलं की चार शिव्या समोरासमोर मिळतात. इथे शिव्या चाळीस देशांतून येतात.

अशी सत्ता कोसळतेही कारकुनी पद्धतीनेच. ‘बँड ऑफ ब्रदर्स’ हा एकेकाळचा बलाढ्य गट. त्याला हरवायला ‘गूनस्वार्म’ वर्षानुवर्षं लढत होता. फेब्रुवारी २००९ मध्ये ब्रदर्सचा एक संचालक फितूर झाला, खजिन्यातलं हाताला लागेल ते उचललं आणि पटलावरचं बटण दाबून अख्खी आघाडी विसर्जित केली. वर शत्रूने ते नावही आपल्याकडे नोंदवून ठेवलं, म्हणजे पुन्हा उभं राहायचं तर नवं नाव शोधा. खेळ बनवणाऱ्या सीसीपी या आइसलँडच्या कंपनीने यात हात घातला नाही. तिच्या लेखी हाही खेळच होता. पुढच्याच वर्षी गूनस्वार्मनेही बिलं थकवली आणि जिंकलेला मुलूख घालवला. बटणात एवढी ताकद ठेवणाऱ्या कंपनीला लोकांनी नावं ठेवली. मला मात्र ते बटण फार आवडतं. ज्या सरदाराला आपल्याच कारभाऱ्याची धास्ती असते, तो जरा सभ्य वागतो.

हा खेळ आइसलँडमध्ये जन्मला हे मला अगदी बरोबर वाटतं. त्या बेटावर इसवी सन ९३० च्या सुमाराला आल्थिंग ही सभा सुरू झाली. कायदा होता, तो तोंडपाठ म्हणून दाखवणारा अधिकारी होता, फक्त तो अमलात आणणारं कुणी नव्हतं. खटला जिंकलात? छान. आता शिक्षेचं तुमचं तुम्ही बघा. तिथले सरदार म्हणजे गोदी. स्वतंत्र शेतकऱ्याने कुणातरी एका गोदीच्या पाठीशी असावं लागे, पण कुणाच्या ते त्याने ठरवायचं. नाही पटलं तर दुसऱ्याकडे जायचं. ही व्यवस्था तीनशेहून अधिक वर्षं चालली. तेराव्या शतकात थोड्याच घराण्यांनी सगळी गोदीपदं गिळली, शेतकऱ्याला जायला दुसरा दरवाजा उरेना, मारामाऱ्या विकोपाला गेल्या आणि १२६२ पासून बेटाने नॉर्वेच्या राजाला वरती आणून बसवलं. ऑनलाइन खेळात त्या राजाला ॲडमिन म्हणतात.

दरवाजा बंद झाला की काय होतं ते कोरियात २००४ मध्ये दिसलं. ‘लिनिएज २’ या खेळाच्या बार्ट्स नावाच्या सर्व्हरवर ड्रॅगन नाइट्स या क्लॅनने किल्ले बळकावले, कर वाढवला आणि चांगल्या शिकारीच्या जागा स्वतःपुरत्या राखून ठेवल्या. त्यांच्या गटात नसलेल्यालाही त्यांच्या मर्जीवर जगावं लागे, कारण बाजारही त्यांचाच आणि रानही त्यांचंच. तेव्हा दुसऱ्या सर्व्हरवरच्या लोकांनीही बार्ट्सवर येऊन नवी पात्रं उघडली. नव्या पात्राकडे चिलखत कुठलं? अंगावर जन्मजात कपडे तेवढे, म्हणून या फौजेला ‘गंजीफ्रॉक-पलटण’ छापाचं नाव पडलं. एकेक शिपाई फुंकरीने मरणारा. पण शेकड्यांनी वाटेत उभे राहिले की नाइट्सना हलता येईना. जुलमी राजवट पडली. मग विजेते वाटणीवरून आपसात भांडले. इतिहासाला कोरियन येत असो वा नसो, हे तो कुठेही करतो.

माझं मत या दोन गोष्टींच्या मधे कुठेतरी तयार झालं. गटाला कर लावू द्या, सीमा आखू द्या, फितुरी आणि तह करू द्या, आपल्या सभासदाला हाकलूही द्या. जोवर हाकललेल्याला शेजारी जाऊन शत्रूच्या जहाजावर बसता येतं, तोवर मला काळजी वाटत नाही. नवख्याची पहिली वाट आणि खेळातूनच कायमची हकालपट्टी, या दोन चाव्या मात्र मालकानेच कमरेला लावाव्यात. मालकाने सगळ्याच चाव्या सोडून चालत नाही. लॅम्डामू या शब्दांतून चालणाऱ्या जुन्या जगात तो प्रयोग झाला. १९९२ च्या डिसेंबरात तिथल्या ‘जादूगारांनी’, म्हणजे ॲडमिनांनी, जाहीर केलं की यापुढे आम्ही फक्त यंत्र सांभाळू, माणसांचे तंटे माणसांनी मिटवावेत. अर्ज आले, मतदान आलं, लवाद आले. १९९६ मध्ये जादूगारांनी दुसरं निवेदन लावलं: यंत्राचा निर्णय आणि माणसांचा निर्णय वेगळे काढता येत नाहीत, आम्ही परत आलो.

पण मालकावरही नजर हवीच. ईव्ह बनवणाऱ्यांतल्याच एकाने दुर्मीळ नकाशे स्वतःच्या पात्राकडे वळवल्याचं २००७ मध्ये उघड झालं, आणि त्याचा लाभ ज्या गटाला झाला तो ब्रदर्सच्या गोटातला होता. पुढच्या वर्षी खेळाडूंनी निवडून दिलेली परिषद आली. तिच्या हाती अधिकार असा नाही. कंपनी त्यांना रेक्याविकला बोलावते, ऐकून घेते, इतिवृत्त निघतं. तरी २०११ मध्ये कंपनीने पात्रासाठी एका डोळ्याचा चष्मा ६० डॉलरच्या वर किमतीला विकायला काढला आणि खेळाडू जिता या बाजारपेठेतल्या पुतळ्यावर तोफा डागू लागले, तेव्हा हीच परिषद तातडीने विमानात बसवून नेली गेली. पुतळ्याला त्यातून ओरखडाही येत नव्हता. ते सगळ्यांना माहीत होतं.

रोज दुपारी साडेचारला, आपल्या घड्याळाप्रमाणे, ईव्हचा सर्व्हर देखभालीसाठी थोडा वेळ बंद होतो. त्या अवधीत साम्राज्यं नसतात, बंडं नसतात. त्याविरुद्ध कुणी तोफ डागल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मला एखाद्या गटाने बोलावलंच, तर पद निवडून ठेवलंय: माजी अध्यक्ष. मान असतो, सभेत पुढची खुर्ची असते, नव्यांचं कुठे चुकतंय हे सांगायचा हक्क असतो, आणि रात्री तीनला कुणी उठवत नाही.