सुरक्षा प्रथम, बाकी नंतर बघू

भोसरी, चाकण, अंबड, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या शेडमध्ये शिरा. दारातच ‘सुरक्षा प्रथम’ हा बोर्ड भेटतो. सुरक्षेचा कार्यक्रम बहुतेक तिथंच आटोपतो. 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, शपथ होते, बिल्ले लागतात. फोटोपुरती हेल्मेटं शेजारच्या युनिटमधून उसनी येतात. प्रथमोपचार पेटी आहे, पण कुलपात. किल्ली शेठकडे, शेठ सुरतेला.

खरी करामत पॉवर प्रेसवर बघावी. दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली यावी, म्हणजे हात डायमध्ये सापडायचा नाही, अशी मूळ योजना. इथं एका बटणावर काळी चिकटपट्टी. बटण कायमचं दाबलेलं, एक हात मोकळा, तासाला नग जास्त. नगावर पैसे मिळवणाऱ्या पोराला काय बोलणार? पट्टीचं रीळ तर शेठनीच आणून दिलेलं.

कायद्याचं म्हणाल, तर 1948च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 10 कामगार झाले की कारखाना. 2020च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं हा आकडा 20वर नेला. लगेच हजेरीपटावर 19 नावं. उरलेली मंडळी गावाकडून सहज आलेली, हाताशी मदत करतात!

खंडेनवमीला मात्र प्रेस लख्ख पुसतात, झेंडूची माळ घालतात, नारळ फोडतात. त्या दिवशी यंत्र बंद, आणि नमस्कारासाठी का होईना, दोन्ही हात डायबाहेर. शेठ म्हणतात, यंदा विमाही उतरवायचाय. प्रेसचा.