साडूभाऊंचं पुढचं वर्ष

"हरलो!"

फोनवर साडूभाऊंच्या आवाजात पोरगा मेडिकलला लागल्याचा आनंद होता. रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी एडिसनला माझ्या घरी दात घासत होतो. तोंडातला फेस सांभाळत मी "अरेरे" असं काहीतरी म्हणालो. ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

"अरेरे काय? सलग अठ्ठावीस! या देशात कुठल्याही मोठ्या खेळात एवढं सलग कुणी हरलेलं नाही. इतिहास घडतोय, आणि तू अरेरे म्हणतोस?"

ही गोष्ट नोव्हेंबर २०१५ची. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे सांगलीचे, पेशाने संगणकवाले, राहायला फिलाडेल्फियाच्या उपनगरात आणि मनाने कायम पुढच्या वर्षात. फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचं नाव सेव्हन्टीसिक्सर्स. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच शहरात १७७६ साली निघाला, त्यावरून ते ठेवलंय. लाडाने सगळे सिक्सर्स म्हणतात. सांगलीला साडूभाऊंच्या आई शेवटपर्यंत सर्वांना सांगत होत्या, की मुलगा तिकडे जाऊनही क्रिकेटच बघतो.

या माणसाला हे वेड लागलं कसं, त्याला त्यांच्या येण्याची तारीख जबाबदार आहे. साडूभाऊ अमेरिकेत उतरले ते २००१च्या वसंतात. त्या वर्षी ॲलन आयव्हर्सन नावाच्या जेमतेम सहा फुटी पोराने अख्खा संघ खांद्यावर घेऊन अंतिम फेरीपर्यंत नेला होता. गाड्यांना झेंडे, दुकानांना झेंडे, बसमध्ये अनोळखी माणसं एकमेकांना टाळ्या देतायत. अंतिम फेरीतला पहिला सामना आयव्हर्सनने ४८ गुण काढून लेकर्सच्या घरी जिंकला. पुढचे चारही हरले, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. एखादा माणूस नेमका जत्रेच्या दिवशी गावात उतरावा आणि इथे रोजच पालखी असते असा त्याचा समज व्हावा, तसं साडूभाऊंचं झालं. त्यानंतर सिक्सर्स दुसऱ्या फेरीपलीकडे एकदाही गेलेले नाहीत. शेवटचं विजेतेपद तर १९८३चं. पण पालखी यायची आहे, एवढं साडूभाऊंना पक्कं ठाऊक आहे.

एरवी हे शहर आशावादासाठी प्रसिद्ध नाही. १९६८च्या डिसेंबरात इथल्या फुटबॉलच्या प्रेक्षकांनी मैदानात आलेल्या सांताक्लॉजला बर्फाचे गोळे मारले होते. स्वतःच्या खेळाडूची हुर्यो उडवणं हा इथे नागरिकत्वाचा भाग समजतात. अशा गावात २०१३ साली सॅम हिंकी नावाचा एक आकडेमोड्या जनरल मॅनेजर आला आणि त्याने निम्म्या गावाला हरण्याची गोडी लावली.

ही जादू समजायला ड्राफ्ट समजावा लागतो. साडूभाऊंनी तो मला आजवर अकरा वेळा समजावलाय. दर उन्हाळ्यात कॉलेजातली आणि परदेशातली ताजी पोरं संघांना वाटली जातात आणि जो संघ जास्त हरलेला, त्याला आधी निवडायची संधी मिळण्याची शक्यता जास्त. वर्गात शेवटचा नंबर आलेल्याला शाळेनेच बदाम खायला घालावेत, तसं. हेतू उदात्त आहे. पण मग वर्गातलं एखादं हुशार पोर म्हणणारच, की बदाम मिळत असतील तर पेपर कोरा द्यायला काय हरकत आहे? हिंकीने तीन वर्षं पेपर कोरे दिले. आल्याआल्या त्याने जरू हॉलिडे हा तयार, चांगला खेळाडू देऊन टाकला. बदल्यात घेतला गुडघा दुखावलेला एक पोरगा आणि पुढच्या वर्षीची एक निवड. तीन मोसमांत २४६ सामने झाले, त्यातले जिंकले ४७. शेवटच्या मोसमात १० विजय, ७२ पराभव. तरीही नीचांक नाहीच. ९ विजय आणि ७३ पराभव हा ८२ सामन्यांच्या मोसमाचा विक्रम १९७२-७३ सालचा आहे, आणि तो याच संघाच्या नावावर आहे. घराण्याची परंपरा म्हणतात ती ही.

या सगळ्याला गावाने नाव दिलं 'द प्रोसेस', आणि घोषणा झाली: प्रोसेसवर विश्वास ठेवा. साडूभाऊंनी तो ठेवला. खरं सांगायचं तर तो त्यांच्याकडे आधीपासूनच होता, ठेवायला जागा तेवढी मिळाली. त्यांनी तळेगावला एक प्लॉट घेऊन ठेवलाय. त्याच्या शेजारून रिंग रोड जाणार आहे. कधी, ते विचारायचं नाही. "येतोय," असं ते म्हणतात, जणू रस्ता कामशेतपाशी चहाला थांबलाय.

त्या तीन वर्षांतले साडूभाऊ बघण्यासारखे होते. वजन उतरलं, झोप सुधारली. सामना बघायची तर गरजच नव्हती, कारण निकाल ठरलेला आणि हवा तसाच. तो वाचलेला वेळ त्यांनी अभ्यासात घातला. एक्सेलची एक भलीमोठी फाइल केली. कुठल्या संघाकडून कुठल्या वर्षी कितवी निवड येणं आहे, तिच्यावर अटी कोणत्या, सगळं त्यात. सावकाराच्या वहीतसुद्धा इतकी येणी नसतील. ताई म्हणाल्या, "पोराच्या कॉलेजच्या फीचा हिशेब असा मांडला असता, तर मी यांची आरती केली असती."

२०१४ला जोएल एम्बीड आला. कॅमेरूनचा, सात फुटी, आणि आला तो पायाच्या हाडाचं ऑपरेशन झालेलाच. दोन वर्षं तो मैदानात उतरला नाही. त्याच रात्री हाती आलेला डारिओ शारिच हा क्रोएशियाचा पोरगा, तो दोन वर्षं तुर्कस्तानातच राहिला. माणसं इकडची, खेळतात तिकडे किंवा खेळतच नाहीत. साडूभाऊंना हा प्रकार फार भावला. जो खेळतो तो चुकतो. न खेळणाऱ्याच्या कीर्तीला कशाचीच बाधा नाही. पहाटे उठून ते तुर्कस्तानातले निकाल बघायचे. पायातलं नॅव्हिक्युलर नावाचं हाड नेमकं कुठे असतं हे ते कुणाच्याही पायावर बोट ठेवून दाखवायचे. एका बारशाला त्यांनी पाळण्यातल्या बाळाच्या पायावर दाखवलं, तेव्हा मात्र ताईंनी त्यांना बाहेर नेलं.

याच काळात १ डिसेंबर २०१५ला संघाने अचानक लेकर्सना हरवलं. समोर कोबी ब्रायंट, याच गावात जन्मलेला, इथला त्याचा शेवटचा सामना. अठ्ठावीस पराभवांची माळ तुटली. गाव नाचलं. त्या रात्री साडूभाऊंचा फोन आला नाही. मीच केला. "ठीक आहे," ते म्हणाले. "एखादा होतो असा."

एप्रिल २०१६मध्ये हिंकीने राजीनामा दिला. राजीनाम्याचं पत्र तेरा पानांचं. आपल्याकडे 'वैयक्तिक कारणास्तव' या दोन शब्दांत भागतं. याने त्यात न्यूझीलंडच्या मोआ नावाच्या नामशेष पक्ष्यालाही आणला होता. साडूभाऊंनी ते पत्र छापून स्पायरल बाइंडिंग करून घेतलं आणि काही दिवस ते पोथीसारखं वाचलं. मोआला पंख का नव्हते, हे मला त्या आठवड्यात पूर्ण कळलं होतं. आता विसरलो.

मी साडूभाऊंबद्दल बोलतोय, पण ही जात मोठी आहे. लॉटरीच्या रात्री हे लोक शेकड्यांनी एकत्र जमतात. ड्राफ्टचा क्रम लॉटरीने ठरतो. यंत्रात पिंगपाँगचे चौदा चेंडू फिरतात, त्यातले चार निघतात, त्यांच्या एक हजार एक जोडण्या होऊ शकतात. पैकी एक सोडून बाकीच्या हजार जोडण्या संघांत वाटलेल्या असतात. त्या ठिकाणी प्लंबर असतात, वकील असतात, आजोबांना घेऊन आलेले नातू असतात. खेळणारं कुणी नाही, चेंडू पिंगपाँगचे, तरी जल्लोष असा की विचारू नका. हिंकीच्या वेळी तळाच्या संघाला पहिली निवड मिळण्याची शक्यता शेकडा २५ होती. पुढे लीगने नियम बदलला आणि २०१९पासून तळाच्या तिघांना शेकडा १४-१४ वर आणून ठेवलं. हा बदल आमच्यामुळे झाला, असं साडूभाऊ छाती फुगवून सांगतात. गल्लीत आपल्यामुळे स्पीडब्रेकर बसवावा लागला, हे सांगणाऱ्याचा असतो तसला तो अभिमान.

आणि मग व्हायचं तेच झालं. पुढचं वर्ष आलं.

२०१७-१८ला सिक्सर्सनी ५२ सामने जिंकले, त्यातले शेवटचे सलग सोळा. एम्बीड खेळायला लागला. बेन सिमन्सही खेळायला लागला. तो २०१६चा पहिल्या क्रमांकाचा पिक, आणि त्यानेही परंपरेप्रमाणे पहिलं वर्ष पाय मोडून घेऊन घरी काढलं होतं. मला वाटलं, साडूभाऊंच्या तपाचं फळ मिळालं. तर मोसम संपायच्या आत त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली. आता सामने बघावे लागत होते. आता हरलं की हरल्यासारखं वाटत होतं. "पूर्वीचं बरं होतं रे," ते एकदा हळूच म्हणाले. "तेव्हा काही अपेक्षा नव्हती, नुसती आशा होती."

५ मे २०१८ला त्यांनी मला जबरदस्तीने मैदानावर नेलं. समोर बॉस्टन, मालिकेतला तिसरा सामना. अगदी शेवटच्या क्षणी मार्को बेलिनेली नावाच्या इटालियनाने अडनिड्या कोपऱ्यातून चेंडू भिरकावला, भोंगा वाजला आणि चेंडू आत. छतातून रंगीत कागदांचा पाऊस सुरू झाला. साडूभाऊंनी मला मिठी मारली. पुढच्या रांगेतल्या दाढीवाल्या धिप्पाड गृहस्थाने आम्हा दोघांना मिळून मिठी मारली. मग हळूहळू एकेकाची नजर फलकाकडे गेली. ८९-८९. बरोबरी. कागद सोडणाऱ्यांना वाटलं होतं, जिंकलो. मंगलाष्टकं चालू असताना कुणीतरी मधेच अक्षता टाकाव्यात आणि मागून साऱ्या मांडवाने टाकाव्यात, तसं झालं. मग खेळ थांबवून माणसं आली, ते कागद गोळा करत बसली, आणि वीस हजार लोक ते निमूटपणे बघत राहिले. जादा वेळेत सामना गेला, १०१-९८. घरी आल्यावर ताईंनी साडूभाऊंच्या केसांतून कागद वेचले. त्यातला एक निळा तुकडा अजून त्यांच्या पाकिटात आहे, लायसनच्या मागे.

पुढच्या वर्षी टोरांटोत सातवा सामना. शेवटच्या क्षणी कवाय लेनर्डने मारलेला चेंडू रिंगवर चार टप्पे खाऊन आत पडला, ९२-९०. साडूभाऊ सांगतात, त्या चार टप्प्यांत त्यांनी चार देव केले. चौथ्या टप्प्याला कुणाची पाळी होती, हे मात्र ते सांगत नाहीत. त्या देवाशी अजून त्यांची कामं आहेत. पुढे सिमन्सने मोकळी बास्केट समोर असताना चेंडू दुसऱ्याला दिला, ते २०२१. एम्बीडला मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं, ते २०२३, आणि त्याच मे महिन्यात बॉस्टनच्या जेसन टेटमने सातव्या सामन्यात ५१ गुण काढून त्यांना घरी पाठवलं. २०१७ला पहिली निवड सिक्सर्सची होती आणि टेटम उपलब्ध होता. हे वाक्य साडूभाऊंच्या घरी उच्चारायचं नाही. मी एकदा उच्चारलं, तर मला पुरणपोळीवर तूप मिळालं नाही.

ती पाच-सहा वर्षं माणूस पार उतरला. गणपतीला मंडळात "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणतानासुद्धा त्यांचा आवाज पूर्वीसारखा लागेना. संघ चांगला होता, हाच मोठा घोळ होता. चांगल्या संघाला पुढचं वर्ष नसतं, त्याला फक्त हे वर्ष असतं.

देव पावला २०२४-२५ला. एम्बीड जेमतेम १९ सामने खेळला, मोठ्या रकमेला आणलेला पॉल जॉर्जही दुखापतीत अडकला. २४ विजय, ५८ पराभव. मार्चमध्ये फोन आला, "हरलो!" तो जुना आवाज ऐकून मला गहिवरून आलं. भानगड अशी, की त्या वर्षीची निवड ओक्लाहोमाला देणं लागत होतं, पण पहिल्या सहांत आली तर ठेवून घेता येणार होती. म्हणजे हरण्याला पुन्हा अर्थ आला होता. एक्सेलची फाइल उघडली गेली. १२ मेच्या लॉटरीला मी सहकुटुंब त्यांच्याकडे होतो. ताईंनी साबुदाण्याची खिचडी केली होती, कारण साडूभाऊंचा उपास होता. तिसरा नंबर लागला. साठीला टेकलेला माणूस सोफ्यावर चढून उभा राहिला.

त्या तिसऱ्या निवडीत बहामाचा व्ही. जे. एजकम आला. ऑक्टोबरात बॉस्टनमध्ये त्याचा पहिला सामना. पोराने पदार्पणातच ३४ गुण काढले आणि सिक्सर्स एका गुणाने जिंकले. मी फोनची वाट बघत होतो. खूप उशिरा आला.

"जिंकलो," साडूभाऊ म्हणाले. कुणाला तरी ॲडमिट केल्याचं कळवावं, तसा सूर.

"अहो, मग चांगलंच झालं की!"

"चांगला आहे पोरगा," ते म्हणाले. "फार चांगला आहे. वीस वर्षांचा आहे. म्हणजे अजून पंधरा वर्षं तरी खेळेल." थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मागे ताईंचा आवाज आला, "अहो, गोळी घेतलीत का?"

"घेतो," साडूभाऊ म्हणाले, आणि मग मला, "त्या टेटमनंतर तुझं तूप राहिलंय. रविवारी ये."