ज्ञान निवृत्त, जेसीबी रुजू

शहरात रस्ता खोदायला घेतला की पहिल्या दिवशी जलवाहिनी फुटते, दुसऱ्या दिवशी केबल तुटते आणि तिसऱ्या दिवशी चावीवाल्याची आठवण होते. वॉर्डातला एकूण एक व्हॉल्व्ह त्याला ठाऊक. पिंपळापासून चार पावलं डावीकडे, फरशीखाली, बिडाची जुनी लाइन, सगळं तोंडपाठ. पण तो गेल्याच वर्षी निवृत्त झाला. शाल-श्रीफळ झालं, साहेबांनी भाषणात ‘तुमची उणीव भासेल’ असंही सांगितलं. नोकरीभरात ‘जरा नकाशावर खुणा करून द्या’ एवढं मात्र कुणी म्हटलं नाही.

नोंदी नसतात असं नाही. काम संपल्यावर ‘ॲज बिल्ट’, म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या कामाचा, नकाशा द्यावा, ही अट निविदेत असते आणि ठेकेदार ती पाळतोही. मूळ आराखड्यावरचं ‘प्रस्तावित’ खोडायचं, शिक्का मारायचा, अंतिम बिल काढायचं. मध्ये खडक लागला म्हणून पाइप दोन मीटर सरकवला, हे एकट्या मुकादमाला माहीत. मुकादम आता दुसऱ्या साइटवर.

यात न्यूनगंड बाळगण्याचं कारण नाही. महासत्ताही आपल्याच रांगेत आहे. अण्वस्त्रांत लागणारा ‘फॉगबँक’ हा गुप्त पदार्थ अमेरिकेने १९८९पर्यंत बनवला, मग कारखाना बंद केला. पुढे जुनी अस्त्रं दुरुस्त करायची वेळ आली, तेव्हा नोंदी तुटपुंज्या आणि जाणकार बहुतेक घरी बसलेले. कोट्यवधी डॉलर ओतून माल बनवला, तो जमेना. शेवटी उलगडा झाला: जुन्या कच्च्या मालात एक अशुद्ध घटक होता, सगळी करामत त्याची, नव्या, सुधारित प्रक्रियेत तो धुऊन निघत होता. ही गोष्ट जुन्या कारागिरांनाही कळलेली नव्हती, मग फायलीत कुठून येणार?

आपल्या कार्यालयांना अशा वेळी एकच उपाय सुचतो: ‘ज्ञान व्यवस्थापन पोर्टल’. त्याचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते, पासवर्ड सल्लागाराकडे राहतो आणि सल्लागाराचं कंत्राट मार्चअखेर संपतं.

खरा उपाय बिनफितीचा आहे. खड्डा बुजवण्याआधी मुकादम आणि चावीवाला दोघांना जागेवर उभं करून नकाशा दुरुस्त करावा, त्याशिवाय अंतिम बिलावर सही करू नये आणि पुढच्या निविदेला तोच नकाशा जोडावा. हे सुरू होईपर्यंत वाचकांना एवढंच सांगणं: गल्लीत जेसीबी दिसला की आधी पिंप भरून ठेवा.