वेळेवर येणारे पैसे

आमच्या इमारतीत कुणालाही घरबसल्या पैसे मिळायची चिन्हं दिसली की पहिली बेल माझ्या दाराची वाजते. मी सरकारी कोषागारात लेखा लिपिक होतो, त्यामुळे पैशातलं मला सगळं कळतं असा आंबिवलीत माझा लौकिक आहे. खरं सांगायचं तर मला एकच गोष्ट येते : पैसे न देणं. समोर आलेल्या देयकावर आक्षेप काढायचा आणि ते आल्या वाटेने परत पाठवायचं. सहीखाली तारीख नाही, आक्षेप. तारीख आहे पण शाई वेगळी, आक्षेप. सगळंच बरोबर आहे, मग तर नक्कीच काहीतरी गडबड आहे, दोन दिवस ठेवून घ्या.

या नोकरीने मला एक कसोटी दिली. येणाऱ्या प्रत्येकाला मी ती ऐकवतो आणि प्रत्येक जण नाराज होऊन जिना उतरतो. कसोटी अशी : हक्काचा पैसा उशिरा येतो. वेळेवर आला तर चौकशी करावी. वेळेच्या आधी आला तर सरळ पोलीस ठाणं गाठावं.

निदान आंबिवलीकरांना तरी हे पटायला हरकत नसावी. शेजारी मोहन्यात एनआरसीचा रेयॉनचा कारखाना 2009 साली बंद पडला आणि कामगारांची घामाची देणी वर्षानुवर्षं लटकत राहिली. माझं पेन्शन घ्या. दर नोव्हेंबरात मला मी जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. समोर धडधाकट उभं राहून भागत नाही, यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो. यंत्र म्हणतं, जुळत नाही, पुन्हा टेकवा. आणि टेलिग्रामवरची कुणी एक मॅडम, जिने आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना जन्मात पाहिलेलं नाही, ती मात्र चहाला उकळी यायच्या आत त्यांच्या खात्यात दीडशे रुपये टाकते. अंगठा नाही, दाखला नाही, साधी पावतीसुद्धा नाही!

"काका, बघा, आले!" वहिनींनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

काम काय, तर जयपूरच्या एका हॉटेलला गूगल मॅपवर पाच तारे द्यायचे आणि खाली दोन ओळी लिहायच्या.

"काय लिहिलंत?"

"नाश्ता उत्तम, बाथरूम स्वच्छ."

"तुम्ही जयपूरला कधी गेला होतात?"

"मी कुठली जाते? टिटवाळ्याच्या गणपतीला जायला वेळ मिळत नाही. पण बाथरूमचा फोटो होता ना. फरशी आपल्यापेक्षा चांगली आहे."

"आणि त्या हॉटेलवाल्याला तुमचं मत दीडशे रुपयांना कशाला हवंय?"

"कशाला म्हणजे? मला काही मत नाही?"

यावर गप्प बसणंच शहाणपणाचं होतं. मी त्यांचा ग्रुप वाचायला घेतला. दोनशे सभासद आणि सगळे सुखी. जो तो पैसे आल्याचा स्क्रीनशॉट टाकतोय, खाली ‘थँक्यू मॅडम’ आणि हात जोडल्याचं चित्र. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाणी आलं तरी दोघांची तक्रार असते. इथे दोनशे माणसांत एकाचंही घोडं कुठे अडलेलं नाही. कारण उघड आहे. त्या दोनशेंतले बहुतेक जण मॅडमच्याच पदरचे. खऱ्या असल्या तर आमच्या वहिनी आणि त्यांच्यासारख्या चार-दोन.

पुढची पायरी मॅडमनी लिहूनच ठेवली होती. आता ‘प्रीपेड टास्क’. हजार भरा, तेराशे घ्या. ते खरोखर मिळतात. मग पाच हजार, मग वीस. तोवर पैसे खात्यात येणं थांबून नुसते स्क्रीनवर वाढायला लागलेले असतात. काढायला गेलं की कळतं, तुमचा एक टास्क चुकला, खातं गोठलं, सोडवायला तीस हजार भरा. ते भरले की कर भरा. माणूस लोभाने आत शिरतो हे खरं, पण पुढे भरत राहतो तो आधीचे सोडवायला.

हा मताचा धंदा वहिनींच्या मॅडमनी शोधलेला नाही. 2010-11 मध्ये सिंगापूरहून आलेल्या स्पीक एशियाने तो आपल्याकडे चांगला थाटात केला. 11,000 रुपये वर्गणी भरायची, आठवड्याला दोन ऑनलाइन सर्व्हे भरायचे, हजार रुपये घ्यायचे. हिशेब सोपा : अकरा आठवड्यांत मुद्दल सुटलं, वर्षातले उरलेले 41 आठवडे निव्वळ मतावर जगायचं. ज्या देशात माणूस गाडीत चौथ्या सीटवर अर्धा टेकूनही जगातल्या सर्व विषयांवर फुकट मत देतो, तिथे ते पैसे मोजून घेणारं गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न पडायला हवा होता. 2011 च्या मे महिन्यात तो पडला. ज्या बड्या कंपन्यांची नावं गिऱ्हाईक म्हणून घेतली जात होती, त्यांनी कानावर हात ठेवले आणि प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलं. पण तोवर? तोवर पैसे वेळेवर!

मग मतांच्या जागी खडे आले. फेब्रुवारी 2024 मध्ये दादरला टोरेस नावाच्या दागिनेवाल्यांचं दालन उघडलं, पुढे आमच्या कल्याणलाही. हिऱ्यासारखे दिसणारे मोइसॅनाइटचे खडे घ्या आणि दर आठवड्याला परतावा घ्या. हप्ता ठरल्या वेळी जमा. कल्याणहून दादरला जलद लोकलसुद्धा इतकी वेळ पाळत नाही. जानेवारी 2025 मध्ये दुकानाला कुलूप लागलं आणि बाहेर गर्दी उसळली. बोस्टनच्या चार्ल्स पॉन्झीनेही 1920 साली पंचेचाळीस दिवसांत 50 टक्के नफ्याचा वायदा केला होता आणि पहिल्यापहिल्यांना तो इमानदारीत चुकवला. तिथल्याही एखाद्या वहिनी शेजारच्या काकांना म्हणाल्याच असतील, "पण पैसे आले ना!"

ही झाली आधी पैसे देणाऱ्या ठकांची जात. दुसरी जात त्यामानाने गरीब. ते तुम्हाला आधी काही देत नाहीत, थेट घ्यायलाच बसतात. ‘नटराज पेन्सिल पॅकिंग, घरबसल्या महिना तीस हजार.’ त्या कंपनीचा बिचारीचा यात काही संबंध नाही. असं काम आम्ही कुणाला देत नाही हे तिला जाहीर सांगावं लागलं. पण तळमजल्यावरच्या भाऊंनी खोली रिकामी करून ठेवली होती. आधी नोंदणी फी, मग ओळखपत्र, मग पेन्सिलींची गाडी नाक्यावर अडली म्हणून गेटपास. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडे पाच रुपयांची ट्रॅक्टरवाली नोट आहे. तिचे पाच लाख येणार होते, फक्त रिझर्व्ह बँकेचं कमिशन आधी भरायचं होतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आम्ही नाही आणि असलं कमिशन आम्ही घेत नाही. आजोबा म्हणाले, "बँक असं वरवर बोलणारच. भाव पाडायचा असेल."

या जातीवर माझा उतारा कोषागारी आहे. समोरच्याला एवढंच लिहायचं : ‘आपली फी माझ्या पहिल्या कमाईतून वळती करून घ्यावी.’ खरं देणं असेल तर वजावट करून देता येतं, सरकार आमच्याकडून तेच करवून घेत आलं. भाऊंनी तसं लिहिलं, तर पेन्सिलवाल्याने पाच मिनिटांत त्यांना ब्लॉक केलं. भाऊ म्हणाले, "तुमच्यामुळे नोकरी गेली."

वहिनींवर मात्र हा उतारा चालेना. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. "मी पुढे पैसे भरणारच नाही, काका. फुकटचे दीडशे घ्यायचे आणि ग्रुप सोडायचा. मग दुसरा ग्रुप. दिवसाचे तीन ग्रुप धरले तर..."

मी म्हटलं, "आलेली रक्कम कुणाच्या खात्यातून आली, बघा."

त्यांनी बघितलं. मॅडमचं नाव नव्हतं, हॉटेलचं नव्हतं, कुठल्या कंपनीचं तर नव्हतंच. कुणा भलत्याच माणसाचं नाव होतं.

"मग हे दीडशे कुणाचे?"

आमच्या इमारतीतून माझ्याकडे आलेला हा पहिला बरोबर प्रश्न. पैसे येतात का, असं सगळे विचारतात. कुणाचे येतात, हे कुणी विचारत नाही. मी सांगितलं, "असेल बदलापूर-वांगणीची तुमच्यासारखीच कुणी. तिने वीस हजार भरले, त्यातले दीडशे तुमच्याकडे आमिष म्हणून आले. तिने 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावला की पैसा ज्या ज्या खात्यातून फिरला ती खाती गोठायला लागतात. तुमचंही गोठेल. मग दीडशेपायी गॅसचा हप्ता, मुलाची फी, सगळं अडकून बसेल."

वहिनींचा चेहरा उतरला. तिथेच सोफ्यावर बसून त्यांनी ग्रुपची तक्रार नोंदवली, मॅडमला ब्लॉक केलं आणि मग गूगल मॅप उघडून जयपूरच्या त्या हॉटेलचे तारे काढायला घेतले.

"सगळे काढताय ना?"

"चार काढले. एक राहू दे. फरशी खरंच चांगली आहे हो."